मोटारसायकलविषयक मासिके आणि त्यांचा वाचक

मोटारसायकलविषयक मासिकांतील गद्याला वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. ज्या गद्याला स्वतःचा वाचकवर्ग आहे, रूढ संकेत आहेत आणि मूल्यमापनाचा दावा आहे, ते समीक्षेच्या कक्षेत येतेच. ‘ओव्हरड्राइव्ह’ (१९९८), ‘ऑटोकार इंडिया’ (१९९९) आणि ‘बाइक इंडिया’ (२००५) ही मुंबई-पुण्याकडची इंग्रजी मासिके. पहिल्या दोहोंत मोटारींनाही स्थान आहे. या सर्वांचा प्रधान लेखनप्रकार म्हणजे ‘रोड टेस्ट’, अर्थात चाचणीलेख.

चाचणीलेखाचा लेखक नवी गाडी थोडे दिवस चालवितो, घाटातील वळणांवर तिची परीक्षा घेतो आणि शेवटी आकड्यांचा तक्ता देतो. या प्रकाराला पुण्याची भूमी मानवणे स्वाभाविक आहे. आकुर्डी-चाकणचे कारखाने, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संशोधनसंस्था आणि सभोवतालचे घाट हे सारे तेथे एकत्र आहे. परंतु नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वरचा वाचक डोळ्यांपुढे आणला की या लेखनाची मर्यादा जाणवते. त्याचा नित्याचा रस्ता सपाट, मे महिन्यातील ऊन पंचेचाळीस अंशांचे, मागे कुटुंब बसलेले. वाऱ्याने थंड होणारे इंजिन गर्दीत रखडले म्हणजे वाराच मिळत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ‘अ‍ॅव्हरेज किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणून तो लेख सोडून आधी तक्ता वाचतो. याला अभिरुचीचे दारिद्र्य म्हणणे अन्यायाचे होईल. लेखात जे त्याच्यासाठी नाही ते तो वगळतो, इतकेच.

याहून महत्त्वाचे वाचन गाडी घेतल्यानंतरचे. अमेरिकेत अर्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नवी मोटार घेतलेले लोक तिच्याच जाहिराती अधिक वाचतात. विचारात घेऊन सोडून दिलेल्या मोटारींच्या जाहिराती ते टाळतात, असे मात्र दिसले नाही. म्हणजे हे वाचन निव्वळ आत्मसमर्थन नव्हे. निर्णय झाल्यावरही तुलना चालूच राहते. हप्ते फेडणारा वाचक तोच चाचणीलेख पुन्हा उघडतो तेव्हा तो सल्ला शोधत नसतो, आपल्या अनुभवाशी ताडून पाहत असतो. गाडी जुनी होत जाते आणि लेख मात्र पहिल्या दिवसावरच थांबलेला असतो. चाचणीलेखाचा खरा दोष हाच, असे आमचे मत आहे. भाषेच्या भपक्याची तक्रार त्यापुढे गौण.

याच मासिकांत दीर्घकाळ वापरलेल्या गाडीचे वृत्तांतही येतात. साखळी कधी सैल झाली, टायर किती चालले, क्लच प्लेट केव्हा बदलली हे त्यांत असते. समीक्षा या दृष्टीने ते श्रेष्ठ आहेत, पण त्यांना मागची पाने मिळतात. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली, नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचे कानाने निदान करण्याचे कौशल्य अपुरे पडू लागले. तेव्हा अशा नोंदींची गरज वाढलीच आहे.

आणि त्यांसाठी मराठी अपुरी नाही. ‘गाडी ओढत नाही’, ‘मिसिंग करते’, ‘इंजिनाचे काम निघाले’ ही वाक्ये गॅरेजात रोज बोलली जातात. शेवटच्या वाक्यात यंत्राची झीज, मालकाचा खर्च आणि मेकॅनिकचा निर्णय एकाच क्रियापदात आले आहेत. चाचणीलेखाच्या इंग्रजीत याला जोड सापडत नाही.