अमात्यांचा टोपीकर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे साष्टी बेटावर वसली आहेत, हे लोकलच्या गर्दीत कुणाच्या ध्यानात येणार? रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' वाचताना मात्र ते ध्यानात ठेवावे. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथातली गडकोटांची वाखाणणी आपण हौसेने वाचतो. मला त्यात खरे नवे वाटते ते सावकारांचे प्रकरण.

कौटिल्याच्या मंडलात राजा आणि शेजारचा राजा. केनेथ वॉल्ट्झ ह्यांच्या १९७९ च्या सिद्धान्तातही मुख्य पात्रे राज्येच. अमात्यांना तिसराच प्राणी दिसला: टोपीकर, म्हणजे युरोपी व्यापारी. तो सावकार खरा, पण इतरांसारखा नव्हे. त्याच्या पाठीशी राजा आहे, आणि बळ आरमाराचे व तोफांचे. म्हणून त्याला वखारीस जागा द्यावी ती समुद्रापासून दूर, असे ते बजावतात.

निदान अचूक, उपाय तोकडा. टोपीकराची कंपनी भांडवल कसे उभारते, ह्याची चौकशी ग्रंथात नाही. अमात्य लिहीत होते तेव्हा साष्टी पोर्तुगीजांकडे होती. १७३७ साली मराठ्यांनी ती घेतली. १७७४ त इंग्रज कंपनीने ठाण्याचा किल्ला जिंकला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी तिच्याकडेच राहिली.

आज अंधेरीजवळ वर्सोव्याला समुद्राखालच्या तारा किनाऱ्याला लागतात. परदेशचे निरोप त्यांतून येतात. तारा कंपन्यांच्या, पाठीशी कोण? आंतरराष्ट्रीय संबंधांची नवी उपपत्ती मांडू पाहणाऱ्यांनी आधी हे प्रकरण वाचावे. भाषा जुनी आहे, पण पाने थोडीच. फराळाचे ताट संपेपर्यंत होतील.