राइसडालचे अरण्य आणि ‘हुबेहूब’चा निकष

निसर्गचित्राची स्तुती करताना आपल्याकडे ‘हुबेहूब’ हा शब्द फार सहजपणे योजला जातो. या शब्दाने चित्राचा गौरव होतो की त्याचे चित्रत्वच झाकले जाते, याचा विचार डच चित्रकार याकोप व्हान राइसडाल (मृत्यू १६८२) याच्या एका अरण्यचित्राच्या आधारे येथे करावयाचा आहे.

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील हे चित्र १६६० च्या दशकातील मानले जाते. मध्यभागी दलदलीचे निश्चल पाणी, भोवती वाकलेले जुनाट ओक, पाण्याकडे झुकलेला एक निष्पर्ण बर्च आणि दूरवर काठी घेऊन चाललेला इवलासा मनुष्य. पाहणाऱ्यास वाटावे की चित्रकार त्या काठावर बसूनच हे रंगवीत होता. वस्तुस्थिती निराळी आहे. या चित्राची मूळ रचना राइसडालने रूलांट साव्हेरी (१५७६–१६३९) याच्या रेखाटनावरून एगिडियस साडेलरने कोरलेल्या मुद्राचित्रातून घेतली. शिवाय तत्कालीन हॉलंड प्रांतात अरण्य विरळच होते; तेथील जहाजांना लागणारे लाकूड नॉर्वे आणि बाल्टिक प्रदेशातून येई. तेव्हा हे अरण्य पाहिलेले कमी, रचलेले अधिक होय.

मग त्याचे सामर्थ्य कशात आहे? आमच्या मते, जीर्णता आणि नवता यांच्या एकत्र मांडणीत. मोडलेले खोड व पालवलेली फांदी एकाच पाण्यावर झुकतात. मनुष्य मात्र या व्यवहाराला साक्षीही नसतो, तो केवळ वाटसरू असतो.

येथेच आपल्या वाचकाचा प्रश्न उपस्थित होतो. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला सातपुड्याचे रान ठाऊक असते. चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्यांना वाळलेले झाड अनित्यतेचे प्रतीक वाटत नाही; ते सरपण असते. रानातला मनुष्य त्यांच्या लेखी वाटसरू नसून त्या रानाचा रहिवासी असतो. या विद्यार्थ्याने राइसडालपुढे आपले ज्ञान विसरावे काय? मुळीच नाही. तथापि त्या ज्ञानाच्या बळावर चित्र खोटे ठरविणे, हाही ‘हुबेहूब’चाच उलटा निकष झाला.

१८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेतून युरोपीय निसर्गचित्रणाची शिस्त आपल्याकडे रुजली. त्या शाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या परिसराची चित्रे रंगवीत राहिले. तंत्र परके असले तरी स्थळाशी असलेले त्यांचे नाते परके नव्हते.

यावरून समीक्षकाचे कर्तव्य स्पष्ट होते. ‘हे रान खरे आहे काय?’ हा प्रश्न त्याने सोडून द्यावा आणि ‘हे रान कोणाच्या दृष्टीने रचले आहे, व त्यात मनुष्याला कोणते स्थान दिले आहे?’ असे विचारावे. सातपुड्याचे रान रंगविणाऱ्या चित्रकारालाही उद्या हाच प्रश्न विचारावा लागेल, आणि त्या वेळी त्याने मोह वेचणारीला कोठे उभे केले आहे, यावर त्याच्या चित्राची पारख होईल.