कसणे, वसणे, भजणे : एका लॅटिन क्रियापदाची वहिवाट

‘कल्चर हा शब्द मुळात शेतीचा, म्हणून संस्कृती म्हणजे मनाची मशागत.’ हे वाक्य आपण व्याख्यानांत अनेकदा ऐकतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका लेखात मीही ते लिहिले होते. तेव्हा मला लॅटिन येत नव्हते. पुढे जुन्या बाजारात मिळालेले एक व्याकरण आणि एक कोश घेऊन, गुरूवाचून आणि अडखळत, ती भाषा वाचू लागलो. तेव्हा कळले की ते वाक्य खोटे नसले तरी अर्धे आहे. राहिलेले अर्धे येथे मांडतो.

लॅटिन कोशात क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनात दिलेले असते. आपले क्रियापद ‘कोलो’. त्याची रूपे कोलो, कोलेरे, कोलुई, कुल्तुम अशी चालतात. त्याच्याच शेजारी दुसरे एक ‘कोलो’ बसलेले असते. त्यातला ओ दीर्घ, रूप कोलारे, आणि अर्थ गाळणे. या शेजाऱ्यामुळे सुरुवातीच्या एका वहीत मी देवांची पूजा करण्याऐवजी देवांना गाळून ठेवले होते. स्वतःच शिकणाऱ्याला असे प्रसाद मिळतातच.

कोलेरेचा अर्थ कर्मावरून ठरतो. कर्म शेत असेल तर कसणे, गाव किंवा प्रदेश असेल तर तेथे वसणे, देव असेल तर पूजणे. मित्र असेल तर त्याचा मान राखणे, आणि न्याय किंवा सद्गुण असेल तर त्याचे आचरण करणे. आग्रिकोला म्हणजे शेतकरी, इंकोला म्हणजे रहिवासी आणि आक्कोला म्हणजे लगत राहणारा शेजारी. कुल्तुस म्हणजे उपासना, पण राहणीतला नीटनेटकेपणा आणि साजशृंगारही.

हे अर्थ एकत्र कसे आले? भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाचे मूळ ‘फिरणे, वळणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूत पाहतात. संस्कृत ‘चर्’ त्याच धातूचा, आणि ‘चक्र’ही त्याच घरातले. एकाच जागेभोवती फिरत राहणे, तिच्यात गुंतून असणे, हा अर्थ आधी. कसणे, वसणे, भजणे या त्याच्या पुढच्या फांद्या. आपल्याकडे चर् धातूतून आचार निघाला, उपचार निघाला आणि परिचर्याही निघाली. रुग्णाभोवती वावरणारा तो परिचारक. म्हणजे लॅटिनची वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. फक्त ती वाट आपल्याकडे शेतात उतरली नाही. तेथे ‘कृष्’ धातू आला आणि त्यातून आपले ‘कसणे’.

आता प्रत्यक्ष वापर पाहू. काटोचा शेतीवरचा ग्रंथ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला. चांगले कसणे म्हणजे काय, याचे त्याने दिलेले उत्तर रोखठोक आहे : पहिले चांगली नांगरट, दुसरे पुन्हा नांगरट, तिसरे खत. येथे संस्कृती वगैरे काही नाही, शेणखत आहे.

‘मनाची मशागत’ ही प्रतिमा किकेरोची, म्हणजे ज्याला आपण सिसेरो म्हणतो त्याची. इ. स. पू. 45 मध्ये लिहिलेल्या ‘तुस्कुलुमच्या संवादां’तल्या दुसऱ्या भागात ती येते. पण ती कोणत्या प्रसंगी येते हे व्याख्याते सांगत नाहीत. संवादात आक्षेप असा, की तत्त्वज्ञान माणसाला घडवत असेल तर काही तत्त्वज्ञ इतके वाईट का वागतात? त्यावर किकेरो म्हणतो की कसलेले प्रत्येक शेत पिकतेच असे नाही, मनाचेही तसेच. पण न कसता सुपीक शेतही फळ देत नाही. म्हणजे ही प्रतिमा गौरवासाठी जन्मलेली नाही. नापिकीची कबुली देताना ती सुचली आहे. त्याच वर्षी त्याची मुलगी तुल्लिया वारली होती, हे ठाऊक असले की ते वाक्य आणखी वेगळे वाचले जाते.

वसण्याचा अर्थ व्हर्जिलच्या ‘ईनीड’च्या आरंभीच भेटतो. युनो देवीचे कार्थेज नगरावर सर्वांत अधिक प्रेम, हे सांगताना कवी कोलेरे वापरतो. येथे भक्त देवाला भजत नाही. देवी कर्ता आहे आणि नगर कर्म. वसणे, जपणे, माया करणे, सगळे त्या एका शब्दात. मराठीत जवळचा शब्द ‘नांदणे’. देव नांदतो, सून नांदते. पण नांदणे अकर्मक आहे, कोलेरे सकर्मक. रोमन माणूस गावात राहतो तेव्हा व्याकरणात तरी तो गावाला काहीतरी करत असतो.

ते काहीतरी नेहमी मायेचेच असते असे नाही. कोलोनुस म्हणजे कसणारा, वसणारा. त्याची वस्ती ती कोलोनिया. जर्मनीतले कलोन शहर इ. स. 50 मध्ये रोमन कोलोनिया झाले आणि आजही तेच नाव मिरवते. पण कोलोनियासाठी जमीन लागते, आणि ती बहुधा कोणाची तरी असते. इ. स. पू. 42 च्या फिलिप्पीच्या लढाईनंतर सैनिकांना जमिनी वाटण्यासाठी इटलीतल्याच शेतकऱ्यांना उठवले गेले. व्हर्जिलच्या नवव्या गोपगीतात नवा मालक जुन्या कसणाऱ्यांना निघून जायला सांगतो, आणि त्यांना हाक मारतो ती कोलोनुस याच शब्दाने. पुढे इ. स. 332 च्या कॉन्स्टंटाइनच्या कायद्यात पळून जाण्याचा बेत करणाऱ्या कोलोनुसांना बेड्या घालण्याची मुभा आहे. कसणारा आता मातीला बांधलेला कूळ झाला होता. आपण ‘कॉलनी’साठी ‘वसाहत’ हा शब्द घेतला. त्यात वसणे आले, पण कोण उठले ते आले नाही.

या क्रियापदाची सर्वांत नेमकी चिकित्सा ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी केली. त्याला एकट्या ईश्वरालाच देय असलेल्या पूजेसाठी शब्द हवा होता. कोलेरे त्याला पुरेना, कारण ते माणसांनाही लागते. तो पुढे म्हणतो की ज्यांच्यापुढे आपण नमतो त्यांच्यासाठी हे क्रियापद आहेच, पण जे आपल्या अधीन आहे त्यासाठीही आहे. ईश्वरशास्त्रज्ञाची ही तक्रार मला क्रियापदाची थोरवी वाटते. देव वर, शेत खाली. दोन्हीकडे एकच कृती.

बंगालीत ‘कल्चर’साठी ‘कृष्टि’ रूढ होऊ लागला तेव्हा रवींद्रनाथांना तो आवडला नाही. सुनीतिकुमार चटर्जींनी नमूद केले आहे की ‘संस्कृति’ हा पर्याय त्यांना 1922 मध्ये पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून मिळाला आणि रवींद्रनाथांना तो पसंत पडला. आपल्याला याचा अभिमान वाटावा हे साहजिक. पण ऋग्वेदात ‘कृष्टि’ म्हणजे लोक, माणसांच्या वसत्या. कसलेली भूमी तीच वसलेली भूमी, असे कोशकार स्पष्ट करतात. नाकारलेल्या शब्दात कोलेरेचे दोन अर्थ शाबूत होते. स्वीकारलेल्या शब्दात घडवणे, शुद्ध करणे आहे, माती नाही.

मराठीत तिन्ही अर्थांना स्पर्श करणारा शब्द शोधता मला ‘वहिवाट’ सापडतो. माझी नोकरी जमिनीच्या नोंदींची, म्हणून असेल. जमिनीची वहिवाट असते, देवस्थानाला वहिवाटदार असतो, आणि पडलेल्या रीतीलाही वहिवाटच म्हणतात. त्यात ‘वाट’ ऐकू येते, ती जाण्यायेण्याने पडते. ही व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, कानाला जे जाणवते ते सांगतो.

माझे आजोबा कूळ होते. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर ती जमीन आमची झाली. त्यांच्या आयुष्यात कसणे, वसणे, भजणे एकाच पावलावर होते : घर, खालचे शेत, वरचे देऊळ. आज सातबारावर आम्हा भावंडांची नावे आहेत. बारा नमुन्यात पिकाच्या रकान्यासमोर पड लिहिलेले असते. घराला कुलूप आहे. आम्ही जत्रेला जातो, नारळ ठेवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. भजणे तेवढे उरले, आणि त्यालाच आम्ही ‘आपली संस्कृती’ म्हणतो.

म्हणून जुन्या लेखातले ते वाक्य मी मागे घेतो. संस्कृती म्हणजे मनाची मशागत, हे म्हणायला सोपे आहे; मनाला बांध नसतो आणि पड पडले तरी तलाठी लिहीत नाही. कोलेरेला कर्म लागते. यंदा जत्रेनंतर दोन दिवस राहावे आणि निदान अंगणाखालची वाफ नांगरून घ्यावी, असे धाकट्या भावाशी बोलणे झाले आहे. नांगर शेजाऱ्याकडून मागावा लागेल.