समीकरणातली फट

गणिताची प्रश्नपत्रिका संगणकावर काढणाऱ्या शिक्षकांना मायक्रोसॉफ्ट वर्डमधला जुना ‘इक्वेशन एडिटर’ आठवत असेल. अपूर्णांक, वर्गमूळ नीट मांडून देणारा हा छोटा प्रोग्रॅम. त्याची २००० साली बनलेली प्रत २०१७ पर्यंत तशीच चालू होती.

दोष साधा होता. फाँटचे नाव ठेवायला संगणकाच्या स्मृतीत ठरावीक जागा होती. आलेले नाव तिथे मावते का, हे प्रोग्रॅम पाहतच नसे. मुद्दाम लांबवलेले नाव शेजारच्या जागेत सांडे आणि फाइल उघडताच परक्याच्या सूचना चालू लागत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लांबीची तपासणी घातली. पुन्हा दोष सापडला, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये एडिटरच काढून टाकला. आमच्या मते खरा उपाय हाच, पण फार उशिरा केलेला. २००७ पासून वर्डमध्ये समीकरणांची नवी सोय होती. जुना भाग राहिला तो जुन्या फाइलींसाठी. चूक राहणे क्षम्य आहे. सतरा वर्षे तिच्यावर विसंबणे नाही.

या उपायाची किंमतही आहे: जुनी समीकरणे दिसतात, पण त्या एडिटरात बदलता येत नाहीत. ती आम्ही मोजावी. शाळेतल्या जुन्या संगणकावर ही दुरुस्ती पोचली आहे का, हे बाहेरून आलेली फाइल उघडण्याआधी अवश्य पाहावे.