मिटलेला पंख

ऑडी टीटीची दुसरी पिढी २००६ साली आली. ती मागून बघायची तर गाडी उभी असताना बघावी आणि गुडघे टेकून, नजर डिकीच्या पातळीला आणून बघावी. छप्पर समोरच्या काचेच्या डोक्यावरून निघतं, मागच्या काचेवरून उतरतं आणि मध्ये कुठेही न थबकता डिकीच्या काठाला येऊन संपतं. एका दमात ओढलेलं एकच वळण. त्याच्या अगदी शेवटाशी पत्र्यात एक बारीक आडवी फट आहे. भोसरीच्या टूलरूममध्ये ज्याची उमेदीची वर्षं गेली आहेत तो माणूस रंगाबिंगाकडे न बघता आधी तिथे पोचतो. फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आहे का, एक कड दुसरीच्या वर आली आहे का, हे तो अंगठ्याने चाचपतो. फीलर गेज खिशातून नंतर निघतो. आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात याला सगळे ‘गॅप-फ्लश’ म्हणतात आणि त्यावरून रोज कुठल्या ना कुठल्या लाइनवर क्वालिटीवाले आणि प्रॉडक्शनवाले भांडतात.

या फटीच्या आतला तुकडा म्हणजे मिटलेला स्पॉयलर. गाडीने ताशी १२० किलोमीटरच्या आसपासचा वेग ओलांडला की आतली मोटर फिरते, दोन दांडे त्या तुकड्याला उचलून धरतात, आणि इतका वेळ निर्वेध उतरत आलेल्या वळणाच्या शेवटी एक आडवी कड उभी राहते. वेग ८० च्या खाली आला की ती पुन्हा आत जाते. ही फट म्हणजे वृत्तातला यती. वाचताना जाणवली तर पाहिजे, पण अडखळायला होता कामा नये. टीटीत ती साधली आहे. याच किमतीच्या इतर काही गाड्यांवर मिटलेला स्पॉयलरही नंतर चिकटवल्यासारखा दिसतो.

एवढ्या आटापिट्याची गरज का पडली, त्यासाठी मागे जायला हवं. १९९५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात टीटीची कल्पना-गाडी मांडली गेली. जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांची नावं तिच्याशी कायमची जोडली गेली आहेत. १९९८ मध्ये ती विक्रीला आली तेव्हा प्रदर्शनातली गाडी जवळजवळ जशीच्या तशी रस्त्यावर उतरली होती. असं क्वचित होतं. एरवी हिशेबनीस आणि उत्पादनवाले मधल्या काळात अशा चित्रांचे पंख छाटून टाकतात. टीटीची पुढची आणि मागची बाजू इतकी सारखी गोलाईची होती की दुरून गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे ते पटकन कळू नये. एक रेघ जास्तीची नाही. लोकांना बाउहाउसची आठवण झाली ती उगाच नाही.

पण हवेला बाउहाउस कळत नाही. गुळगुळीत वळणावरून उतरणारी हवा पत्र्याला चिकटून राहते, वरून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. विमानाच्या पंखावर जे मुद्दाम घडवून आणतात ते इथे नको असताना घडतं. जर्मनीच्या ऑटोबानवर अतिवेगात लेन बदलताना किंवा वळणात अचानक पाय उचलल्यावर टीटीची मागची चाकं पकड सोडू लागली. अपघात झाले, माणसं दगावली. १९९९ संपता संपता ऑडीने गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटीची सोय बसवली आणि डिकीच्या काठावर एक छोटा, कायमचा स्पॉयलर लावला. ती पट्टी दिसायला वाईट आहे आणि ती असायलाच हवी होती. शुद्ध आकाराचे भक्त अजूनही पहिल्या घडणीची, बिनपट्टीची टीटी शोधत हिंडतात. गाडी दिवाणखान्यात ठेवायची असेल तर त्यांचं बरोबर आहे.

दुसऱ्या पिढीतला उचलता पंख हे त्या पट्टीला दिलेलं उत्तर आहे. वळण हवं की पकड, या भांडणात डिझाइनरांनी तडजोडीचा मधला आकार काढला नाही. दोन्ही आकार ठेवले आणि त्यांच्यात वेगाची भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे १९९५ चं चित्र अबाधित, पलीकडे १९९९ चा धडा. मला या गाडीत सगळ्यात आवडतं ते हे. याच हिशेबाने बाकीची गाडीही बांधलेली आहे. या कूपेच्या सांगाड्यात सुमारे ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि ३१ टक्के पोलाद आहे, आणि पोलाद मुख्यतः मागच्या अंगाला वापरलं आहे. इंजिन पुढे असल्याने मागे वजन हवं होतं म्हणून. पंख ज्या डिकीच्या झाकणात लपतो ते झाकणही पोलादाचं आहे. म्हणजे पंख मिटलेला असतानाही त्याचं घर मागची चाकं दाबून धरायच्या कामाला थोडाफार हातभार लावत असतं.

वर जाण्याचा आकडा १२० आणि खाली येण्याचा ८०, हे अंतर कशासाठी? सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. टाकी भरली की पंप बंद होतो, पण एक तांब्या पाणी कमी झालं म्हणून लगेच चालू होत नाही. पाणी बरंच खाली गेल्यावर होतो. दोन्ही खुणा एकाच जागी ठेवल्या तर पंप दिवसभर धडधडत राहील. इथेही दोन्ही आकडे १२० ठेवले असते तर ट्रकमागे वेग जरासा कमी-जास्त होताच पंखाची उघडझाप सुरू झाली असती आणि मोटर वर्षभरात राम म्हणाली असती. मधल्या ४० किलोमीटरच्या पट्ट्यात स्पॉयलर कुठे असेल ते आत्ताच्या वेगावरून सांगता येत नाही. आपण त्या वेगाला वरून आलो की खालून, हे माहीत असावं लागतं. यंत्राला एवढ्यापुरतं भूतकाळाचं भान दिलेलं आहे.

उचलता पंख ही टीटीची एकटीची मिरास नाही. पोर्शे ९११ च्या १९८९ च्या मॉडेलपासून, म्हणजे ९६४ या घडणीपासून, ताशी ८० ला स्पॉयलर आपोआप वर येऊ लागला. तिथे त्याच्या अंगावर दुसरंही काम होतं. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारं, त्यामुळे पंख वर आला की खालच्या जाळीतून इंजिनाला हवाही जास्त मिळे. सगळ्यात बोलका आहे तो फोक्सवॅगनचा कोराडो, १९८८ ते १९९५ या काळात निघालेला. युरोपात त्याचा स्पॉयलर ताशी १२० ला उठे, तर अमेरिकेत पाठवलेल्या गाड्यांत ताशी ४५ मैलांना, म्हणजे ७२ किलोमीटरलाच. हवा दोन्हीकडे सारखीच. फरक कायद्याचा. अमेरिकेत तेव्हा बहुतेक ठिकाणी ५५ मैलांची मर्यादा होती, आणि युरोपचा आकडा तसाच ठेवला असता तर वर आलेला पंख म्हणजे मागच्या पोलिसाला दिलेला कबुलीजबाब ठरला असता. हवेच्या गणितासाठी ठरवलेला आकडा शेवटी रस्त्याच्या पाटीपुढे नमला.

ही गोष्ट पुढे आली की मला आपला पट्टा दिसतो. टीटी इथे आयात होऊन आली, तीही मोजकीच. ती निगडीहून निघाली आणि देहूरोड ओलांडून द्रुतगती मार्गाला लागली, तर तिथे सपाटीवर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे आणि आता वर कॅमेरे आहेत. पंख वर येण्याच्या आधीच कायदा आडवा येतो. समृद्धी महामार्गावर १२० चालतात, म्हणजे उंबरठ्याला जेमतेम पाय लागतो. आणि चाकणच्या तळेगाव चौकात, कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि पाळी सुटलेल्या दुचाक्यांच्या मधोमध उभं राहिल्यावर तर कुठला आकडा ठेवायचा? तिथला आकडा आठ ठेवला तरी स्पॉयलरला शनिवारपर्यंत वाट बघावी लागेल. नव्या ९११ मध्ये, ९९२ या घडणीत, पोर्शेने हा उंबरठा ९० वर आणला आहे. या एका बाबतीत ती गाडी आपल्या द्रुतगती मार्गाला जास्त सोयीची.

गंमत अशी की गाडीचं अंग कसं बनतं हे या पट्ट्याइतकं देशात फार थोड्या ठिकाणी लोकांना ठाऊक असेल. मर्सिडीज-बेंझची इथली पहिली गाडी १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को आवारात जोडली गेली. २००९ मध्ये कंपनी चाकणला गेली, आणि त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीजची देशात जोडलेली पहिली एएमजी, जीएलसी ४३ कूपे, २०२० मध्ये चाकणमधूनच निघाली. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाला रेसमो ही छोटी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार दाखवली, पण ती काही विक्रीला आली नाही. इथल्या लाइनवरून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांना स्पॉयलर असला तर जागच्या जागी बसलेला असतो. फोक्सवॅगन व्हर्टसच्या जीटी रूपात डिकीच्या काठावर असते ती काळी पट्टी. त्यात लपण्या-उघडण्याचं नाट्य नाही आणि बिघडण्यासारखंही काही नाही.

मग ज्याच्याकडे उचलता पंख आहे तो इथे करतो काय? बटण दाबतो. हाताने पंख वर करायची सोय टीटीत दिलेली आहे आणि सिग्नलला उभ्या गाडीचा स्पॉयलर वर गेलेला आपण कधीतरी पाहिलेला असतो. शेजारच्या रिक्षातली पोरं ओरडतात, मोबाइल निघतात. मला ते वाचन चुकीचं वाटतं. ताशी शून्यला उचललेला पंख म्हणजे प्रसंगाशिवाय म्हटलेलं वाक्य. बटणाचा एक प्रामाणिक उपयोग आहे, आणि तो गाडी धुणाऱ्याला माहीत असतो. पंख वर केल्याशिवाय त्याच्या खालची खोबण साफ होत नाही.

ती खोबण जवळून बघण्यासारखी असते. चिंचवडच्या एका गॅरेजमध्ये अशी गाडी आली होती. पंख वर केल्यावर खाली रबराची सील, पाणी वाहून जायची चिंचोळी वाट आणि त्यात सुकलेली कडुनिंबाची पानं, गुलमोहराच्या बारीक पाकळ्या, वर सिमेंटचा राखाडी थर. पहिल्या पावसात त्याचा चिखल होऊन पुन्हा वाळला की दांड्यांच्या बुडाशी दगड होतो. डाव्या दांड्याचं ग्रीस वाळून काळं पडलेलं आणि उजवा मात्र नवा असल्यासारखा चकचकीत, त्यामुळे पंख वर जाताना किंचित वाकडा जात होता. मिस्त्रीचं निदान सरळ होतं : “वापरत नाहीत ना साहेब, म्हणून जाम होतं. महिन्यातून चार वेळा वर-खाली केलं असतं तर काही झालं नसतं.” आकाराबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, छान आहे, पण वरून कव्हर घाला, झाडाखाली लावू नका.

अशा वेळी मालकाच्या मनात येतं, कशाला ही कटकट, बंदच करून टाकू. रस्ता नाही, वेग नाही, मोटर महाग, डॅशबोर्डवर दिवा पेटलेला. फ्यूज काढायचा किंवा मोटरचा कनेक्टर सोडवून ठेवायचा, आणि पंख मिटलेल्या अवस्थेत कायमचा झोपवायचा. वर बघायला १९९५ चं निर्मळ वळण. मला या मोहाची पूर्ण कल्पना आहे, आणि तरीही हे वाचन बटणाच्या वाचनापेक्षा वाईट आहे. बटण दाबणारा वाक्य भलत्या ठिकाणी म्हणतो, फ्यूज काढणारा संहितेतून ते वाक्यच खोडतो. मिटलेल्या पंखाचं सौंदर्य तो उठू शकतो यात आहे. उठण्याची ताकद काढून घेतली की गाडीवर उरते ती एक अकारण फट, आणि खाली उरतं १९९८ चं अंग, १९९९ ची दुरुस्ती वजा करून. शिवाय गाडी विकली जाते, पुढचा मालक दुसऱ्या गावचा असतो, त्याला फ्यूजबद्दल कोणी सांगत नाही.

इथे बळाचं गणितही लक्षात घ्यावं. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० ला मागची बाजू जितकी उचलली जाते त्याच्या जवळजवळ दुप्पट ती १४० ला उचलली जाते, आणि २०० ला चौपट. १०० पर्यंत पंख मिटलेला राहिला तर काही बिघडत नाही, डिझाइनरांनी तो तेव्हा मिटलेलाच ठेवला आहे. पण ज्या दिवशी कोणी मोकळा रस्ता बघून पाय दाबेल त्या दिवशी १०० च्या अनुभवावर विसंबून चालत नाही. उलट पंख कायमचा वर राहिला तर पेट्रोल थोडं जास्त जाईल, मागचं वळण बिघडेल आणि सिग्नलला पोरं ओरडतील, एवढंच. म्हणून मोटर मेलीच असेल, नवी मिळेपर्यंत काही महिने जाणार असतील आणि फ्यूज काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी पंख हाताने वर घेऊन अडकवून टाकावा आणि मगच फ्यूज काढावा.