सागरी कृमींसोबतचे जिवाणू व जैवपृष्ठसक्रियके : संशोधनातील दाव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक :
जिवाणूंनी निर्माण केलेल्या व द्रवाचा पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थांना जैवपृष्ठसक्रियके म्हणतात. नळीत राहणाऱ्या सॅबेलिड कृमींसोबतचे जिवाणू हा त्यांचा नवा स्रोत असल्याची मांडणी इटलीतील मेसिना येथील संशोधकांनी २०१३ मध्ये केली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल खारफुटीपर्यंत पोहोचले. त्यामुळे या विषयाचे आकर्षण आपल्याकडेही स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात अशा संशोधनातील तीन दाव्यांचा विचार केला आहे.

१) सहवासाचा दावा :
सॅबेलिड कृमी समुद्राचे पाणी गाळून अन्न मिळवतो. साहजिकच त्याच्या शरीरात पाण्यातील जिवाणूही सापडणारच. कृमी वाटून मिळालेल्या जिवाणूस 'सहजीवी' म्हणण्यापूर्वी त्याच ठिकाणचे पाणी, गाळ व निर्जंतुक पाण्याने धुतलेला कृमी यांची तुलना आवश्यक ठरते. ती नसल्यास शीर्षकातील कृमी केवळ नमुना गोळा करण्याचे पात्र उरतो.

२) मापनाचा दावा :
कूपर व गोल्डनबर्ग यांनी १९८७ मध्ये रूढ केलेला पायसीकरण निर्देशांक २४ तासांनंतर पायसाचा थर किती टिकला हे सांगतो. पृष्ठताण किती घटला हे सांगत नाही. एसिनेटोबॅक्टर जिवाणूपासून मिळणारे इमल्सान उत्तम पायसकारक आहे, परंतु पृष्ठताण फारसा कमी करत नाही. याउलट बॅसिलस सबटिलिसचे सर्फॅक्टिन पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत आणते. म्हणून केवळ या निर्देशांकावर आधारलेला निष्कर्ष अपुरा ठरतो.

३) उपयोजनाचा दावा :
चंचुपात्रातील केरोसीन व भरती-ओहोटीच्या खाडीतील जड इंधन तेल यांत मोठे अंतर आहे. खुल्या पाण्यात पदार्थ विरळ होऊन आवश्यक संहतीच्या खाली जातो. शिवाय ऱ्हॅम्नोलिपिड देणारा सुडोमोनास एरुजिनोसा हा संधिसाधू रोगजनक आहे. तो जिवंत स्वरूपात पर्यावरणात सोडणे उचित नाही. तेव्हा 'तेलगळतीवर उपाय' हे शेवटचे वाक्य प्रयोगातून निघत नसेल, तर ते लिहू नये.

समारोप :
छत्रपती संभाजीनगरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील महाविद्यालयांकडे महागडी उपकरणे नसतात, ही अडचण खरी आहे. तथापि पदवीच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील स्टॅलॅग्मोमीटरने थेंब मोजून पेशीविरहित द्रावाचा पृष्ठताण काढता येतो. त्यासाठी द्रावाची घनता मोजावी आणि जिवाणू न वाढवलेले माध्यम तुलनेस ठेवावे. सूक्ष्मजीवशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी एवढे सहकार्य केले, तरी विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांतील आकडे तपासण्याजोगे होतील. मोठ्या दाव्यापेक्षा अशा आकड्याचे मोल अधिक आहे.