मरोळचे बंद चर्च : एक पुनर्विचार

सुरत–नवागामच्या मराठी वाचकाला जुनी युरोपीय वास्तू म्हटली की कतारगामकडील इंग्रज व डच कबरस्थाने आठवतात. तेथील व्यापाऱ्यांनी कबरींवर घुमट चढवून मोगल अमीर-उमरावांचा थाट मरणोत्तर उसना घेतला. मुंबईतील अंधेरीजवळच्या मरोळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च या पंक्तीत बसत नाही. ते गावासाठी होते, आणि नेमका हाच फरक त्याच्यावरील लेखनात निसटतो.

जेझुइटांनी ते साष्टी बेटावर १५७९ साली उभारले. १५८८ मध्ये ते उपासनेस खुले झाले. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. १७७५ च्या तहात रघुनाथरावांनी साष्टी व वसई इंग्रजांना देण्याचे कबूल केले. तो तह आपल्या सुरतेचाच. चर्च बंद पडले ते मात्र १८४० मध्ये, गावात साथ पसरली म्हणून. तेव्हा ‘पोर्तुगीज सत्तेचा भग्नावशेष’ हे प्रचलित वर्णन मला अपुरे वाटते. ती सत्ता साष्टीतून गेल्यावरही शंभर वर्षे हे चर्च गावाचेच राहिले होते.

आज छप्पर नाही. दगडी भिंती, दर्शनी भागाची कमान आणि आतील लांबट मोकळी जागा उरली आहे. अलंकरण गेल्याने प्रवेशद्वारापासून वेदीच्या स्थानाकडे नजर ओढून नेणारी मूळ योजना उलट अधिक स्पष्ट होते. मात्र गाव सोडताना लोकांनी मूर्ती आणि बाप्तिस्म्याचे कुंड मरोळच्या नव्या चर्चमध्ये नेले. म्हणजे या वास्तूचे अर्धे अंग तेथे आहे. केवळ भिंती मोजणारा अभ्यासक अर्धीच वास्तू पाहतो.

१९७३ पासून हा परिसर ‘सीप्झ’ या निर्यात-उद्योगक्षेत्राच्या आवारात आहे. शासकीय सेवेत कुंपणाचे दोन्ही परिणाम मी पाहिले आहेत : अतिक्रमण थांबते, आणि ज्यांचे आहे त्यांनाच दाराशी परवानगी मागावी लागते. मराठी बोली बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती वर्षातून एकदा येथे उपासनेसाठी जमत आले आहेत. जीर्णोद्धाराच्या चर्चेत नवे छप्पर घालण्याची घाई मला मान्य नाही. भिंती सावराव्यात, मुळे काढावीत, कुंडासह सर्व अवशेषांची एकत्र नोंद व्हावी. आणि फाटक वर्षातून एका दिवसापेक्षा अधिक उघडावे.